सुभेदारांचा बोर्ड

सुभेदार निकम कुठल्याही मोटारीतून उतरले की आधी तिचं बॉनेट उघडत आणि रोटर काढून खिशात घालत. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला की इंजिन चालू होत नाही. "गाडी दुश्मनाच्या हातात पडाय नगं," एवढंच ते सांगत. आमच्या वडूजला दुश्मन नव्हता. एकदा नवरदेवाच्या जीपचा रोटर खिशात घेऊन ते पंगतीला बसले आणि वरात दोन तास खोळंबली.

"पण गाडी सेफ राह्यली का न्हाई?" मठ्ठा ओरपत त्यांनी विचारलं.

फौजेत अठ्ठावीस वर्षं गाड्या हाकून ते माझ्या शेजारी राहायला आले. पेन्शन होती, बायको गेलेली होती, मुलगा आसामात पलटणीत. आता स्वतःची मोटार घ्यायची, एवढंच राहिलं होतं.

तासगावात इब्राहिमभाईंच्या बेदाण्याच्या शेडमध्ये एक काळी विलायती मोटार बारा वर्षं पोत्यांखाली उभी होती. सुभेदार ती बघायला निघाले ते मला घेऊनच. फौजेत म्हणे अशा कामाला तीन जणांचा बोर्ड बसतो.

"मी चेअरमन. मास्तर, तुमी मेंबर."

"आणि तिसरा?"

"मालक. त्यो कुठं जातोय?"

विकणाराच तपासणीच्या बोर्डावर! मी इतिहास शिकवतो, त्यामुळे नवल वाटलं नाही.

निकाल लागला: अनफिट. कार्बोरेटरात गांधीलमाशीचं घर, गादीत उंदरांचा संसार. पण अनफिट गाडी सुभेदारांना बघवेना. पुढच्या गुरुवारी ते दोन एस.ट्या बदलून गेले आणि कार्बोरेटर साफ करून आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी ब्रेक. मग वायरिंग. दर खेपेला एक दोष निघे, तो ते दुरुस्त करत आणि निर्णय पुढे ढकलत. मग चहा, आणि चहावर भांडण.

"आवं सुभेदार, घ्या न्हाईतर सोडा! निकाह ठरवायलाबी इतका येळ लागत न्हाई."

"निकाहाला ब्रेक तपासाय लागत न्हाईत, भाई."

अशी दोन वर्षं गेली आणि दोष संपले. मोटार पहिल्या किल्लीला चालू होऊ लागली. नेमकं तेव्हाच इब्राहिमभाईंच्या पुतण्यानं सांगलीचे एक वकील गिऱ्हाईक म्हणून ठरवले. त्या गुरुवारी मीही सुभेदारांबरोबर होतो.

"आज व्हय का न्हाई ते सांगा," इब्राहिमभाई म्हणाले. "वकील दुपारी येत्यात."

सुभेदार बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ उभे राहिले.

वकील आले. किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. आणखी चारदा कण्हलं. "भंगार आहे," म्हणत वकील कोट झटकून गेले. पुतण्या त्यांच्यामागे धावला.

सुभेदारांचा उजवा हात खिशात होता. इब्राहिमभाईंनी तिकडे पाहिलं आणि आपला तळहात पुढे केला. सुभेदारांनी रोटर त्यावर ठेवला. इब्राहिमभाईंनी तो फडक्यानं पुसला, बेदाण्याच्या डब्यात टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

"गाडी चालूच हुईना," ते म्हणाले. "आजून लय काम हाय तुमाला."

सुभेदारांनी घसा खाकरला. "बघू. गुरुवारी."

मेंबर म्हणून मी हरकत घेतली नाही.