ताराच्या येण्याचं ड्रिल

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधले सुर्वेकाका कुठल्याही लग्नाला दोनदा जातात. एकदा लग्नाच्या दिवशी आणि एकदा आदल्या दिवशी. आदल्या दिवशी हॉलला कुलूप असतं, वॉचमन संशयाने बघत असतो. काका फाटकाला हात लावतात, घड्याळ बघतात, वहीत 'एक तास दहा मिनिटं, शीळफाट्याला खोळंबा' असं लिहितात आणि परत येतात. एकदा एका वॉचमनने त्यांना विचारलं, "कोणाकडून आहात?" काका म्हणाले, "उद्या सांगतो."

काका तीस वर्षं एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. आग लागली आहे असं समजून चारशे माणसांना मैदानात पळवायचं, शिट्टी मारायची, मोजायचं आणि परत कामाला लावायचं. याला मॉक ड्रिल म्हणतात. निवृत्त होताना त्यांनी कंपनीत सगळं परत केलं, शिट्टी तेवढी घरी आणली. "कागदावर सगळेच शूर असतात, विनायका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विनायक म्हणजे मी, समोरच्या दारातला.

मालतीकाकू होत्या तेव्हा सांगायच्या. लेकीच्या वेळी काकांनी हॉस्पिटलात पोहोचायची तीन ड्रिलं केलेली. प्रत्यक्ष कळा सुरू झाल्या तेव्हा काका चौथ्या ड्रिलवर एकटेच गेलेले. काकू शेजारणीला घेऊन रिक्षाने मागून पोहोचल्या. काका हॉस्पिटलच्या दारात घड्याळ धरून उभे. "वेळेत आलीस," म्हणाले.

ती लेक म्हणजे मेधा. ती लग्न करून अमेरिकेत ओहायोला गेली. तिची मुलगी तारा तिथेच जन्मली, तिथेच वाढली, एकोणीस वर्षांची झाली. आणि गेल्या वर्षी या ताराने जाहीर केलं की तिला कॉलेजचं एक वर्ष भारतात करायचं आहे. खाडीकाठच्या मिठागरांचा अभ्यास. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला मिठागरात काय शिकायचं ते कळलं नाही, पण अभिमान सगळ्यांना वाटला.

मेधाने एक अट घातली. पहिला महिना आजोबांकडे राहायचं. जमलं तर वर्षभर तिथेच, नाही जमलं तर हॉस्टेल. हॉस्टेलची खोली तिने आधीच धरून ठेवलेली. काका हे मला सांगायला आले, तेव्हा खुर्चीच्या काठावर बसलेले. "हातात एक महिना आहे रे," म्हणाले. "इथल्या जगण्याला कंटाळून पोरगी हॉस्टेलवर गेली तर माझी तयारी कमी पडली असं होईल."

मग दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे ओहायोतल्या सकाळी, काकांच्या हॉलमध्ये व्हिडिओ कॉलवर ड्रिल सुरू झालं. नट आम्ही, बिल्डिंगवाले. मला हौशी नाटकांची जुनी खाज, त्यामुळे मोठ्या भूमिका माझ्याकडे.

पहिल्या रविवारी मी रिक्षावाला झालो. स्टुलावर बसलो, खाकी शर्ट घातला, नजर दूर क्षितिजावर लावली.

"बाळकुमला येणार?" ताराने लॅपटॉपमधून विचारलं. मराठी तिचं चांगलं, फक्त प्रत्येक शब्द इस्त्री करून आल्यासारखा.

मी क्षितिजावरून नजर न हटवता मान किंचित हलवली आणि तोंडाने भुर्र करत निघून गेलो.

"आजोबा, तो नाही म्हणाला का?"

"तो काहीच म्हणाला नाही. म्हणजे नाही. वाईट वाटून घ्यायचं नाही, पुढच्याला विचारायचं. विनायका, पुन्हा."

त्या संध्याकाळी मी तिला अकरा वेळा नाकारलं. बाराव्यांदा दया येऊन हो म्हणालो तर काकांनी शिट्टी मारली. "खोटी आशा लावू नकोस तिला."

दुसऱ्या रविवारी तळमजल्याच्या शेलारकाकू आल्या. त्यांना भूमिका समजावून सांगावी लागली नाही. त्या नेहमीसारख्या बसल्या आणि विचारायला लागल्या. "वजन किती गं तुझं? पप्पांना पगार किती? तिकडे कुणी बघून ठेवलायस का?"

"मला हे सांगायचं नाही," तारा म्हणाली.

शिट्टी.

"असं तोडायचं नाही, बाळ," काका म्हणाले. "उलट विचारायचं. काकू, तुमचा गुडघा कसा आहे? की तू सुटलीस."

"म्हणजे मी काय गुडघ्याचं पुराण लावते का हो?" शेलारकाकू म्हणाल्या.

"काकू, तुमचा गुडघा कसा आहे?" ताराने विचारलं.

"काय सांगू बाई," काकू म्हणाल्या, आणि पुढची पंचवीस मिनिटं ओहायोत एक मुलगी एका गुडघ्याचं सगळं ऐकत बसली. काकांनी वहीत बरोबरची खूण केली.

जेवणाचं ड्रिल झालं. तोंडाने नको म्हणणं ही नुसती सुरुवात, ताटावर दोन्ही हात आडवे धरले की मग वाढणारा थांबतो, हे ताराने रिकाम्या ताटावर पाच वेळा करून दाखवलं. पाण्याचं झालं. तिने तिथे टबात बादली ठेवून एका बादलीत आंघोळ केली आणि केस धुऊन अर्धा तांब्या उरवला. मागून मेधाचा आवाज आला, "बाबा, आता तुमच्याकडे दिवसभर पाणी असतं ना?" काका म्हणाले, "असतं म्हणून काय झालं."

मग आलं वीज जाण्याचं ड्रिल. काकांनी तिकडचा मेन स्विच बंद करायला लावला. तासभर तारा विजेशिवाय, चिडचिड न करता बसते का ते बघायचं होतं. स्विच बंद झाला आणि त्याबरोबर तिकडचं वायफायही गेलं. पडदा काळा. आम्ही बिल्डिंगवाले एकमेकांकडे बघायला लागलो. काका मात्र त्या काळ्या पडद्यासमोर घड्याळ धरून ताठ बसले. चाळीस मिनिटांनी वळून म्हणाले, "बघ. तक्रारीचा एक शब्द नाही." आणि वहीत लिहिलं, 'उत्तम.' त्यांना खरं काय ते सांगायचा धीर आमच्यापैकी कुणाला झाला नाही. शेलारकाकूंनाही नाही, यावरून काय ते समजा.

येण्याचा दिवस ठरला. आदल्या दुपारी काकांनी माझी बेल वाजवली. शिट्टी गळ्यात नव्हती.

"एक ड्रिल राहिलंय. तू तारा हो."

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, वजन ब्याऐंशी किलो. पण भूमिका ती भूमिका. माझी चाकांची बॅग घेतली, खांदे पाडले, आणि काकांच्या बंद दारासमोर उभा राहिलो. बेलकडे हात नेला, तेवढ्यात दार उघडलं.

"काका, बेल तरी वाजवू द्या."

"बरं. पुन्हा."

पुन्हा हात नेला, पुन्हा दार उघडलं. ते दाराला चिकटूनच उभे होते. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "काका, आता तुमचं वाक्य काय?"

"तेच तर नाहीये," ते म्हणाले. "रिक्षावाला कसा, शेलारबाई कशी, पाणी कसं, सगळं सांगितलं तिला. म्हातारा कसा आहे ते राहिलं. समोरासमोर बघितलं ते ती चार वर्षांची असताना. मालती असती तर बोलली असती काहीतरी. मला शिट्टी मारता येते, विनायका. पोरीशी रोज संध्याकाळी काय बोलतात?"

मग मी तारा झालो आणि म्हणालो, "आजोबा, भूक लागली."

काका वळले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. खरंच गॅस पेटवला. अर्ध्या तासात माझ्यासमोर गरम घावणे आले, ओल्या खोबऱ्याची चटणी आली. समोर बसून माझा घास न् घास बघत होते. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरेपर्यंत वाढत राहिले.

"आता शेवटचं," ताट उचलताना ते म्हणाले. "महिना संपला. नाही जमलं तिला. बॅग घे आणि सांग."

"काका, राहू दे ना."

"ड्रिल आहे. घे."

मी उठलो, बॅगेचा दांडा वर ओढला आणि म्हणालो, "आजोबा, मी हॉस्टेलवर जाते."

काकांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. "डबा पाठवत जाईन. दूर नाहीये." एवढं नीट बोलले. मग त्यांची नजर बॅगेवर गेली.

"हे नको," ते म्हणाले. "याची तयारी करायची नाही."

त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातून बॅग काढून घेतली, तारासाठी तयार ठेवलेल्या खोलीत नेली, कपाटाशेजारी भिंतीला नीट लावून ठेवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बॅग माझी होती. मी रिकाम्या हातांनी घरी आलो.