एकरी दोनशे सतरा

गणितात मला कुणी हरवून दाखवावं! अमेरिकेत मायनॉट गावच्या शाळेत मी वीस वर्षं शेकडेवारी शिकवली आहे. त्यामुळे माझे सासरे आर्विड यांनी वसंतातल्या गव्हासाठी उत्तरेकडचं शेत माझ्या हाती दिलं, तेव्हा मी जरासुद्धा घाबरलो नाही. अट साधी होती. पीक नीट आलं तर सगळी शेती मी करायची, नाहीतर ती शेजाऱ्याला खंडाने जाणार.

माती तपासणीच्या कागदावर एकरी शंभर पौंड नत्र घाला, असं आलं. युरियात नत्र शेकडा सेहेचाळीसच, म्हणजे युरिया लागणार दोनशे सतरा पौंड. नुसता हा आकडा चिठ्ठीवर लिहून मी बायकोला, सोल्वेगला, खताच्या दुकानात पाठवलं.

जूनमध्ये गहू असा काळाभोर हिरवा झाला की लोक गाड्या थांबवून बघायचे. माझी मान ताठ! जुलैत एक वादळी पाऊस झाला आणि सकाळी बघतो तर अख्खं शेत गादी अंथरल्यासारखं आडवं.

मी पार चक्रावलो. नत्र जास्त झालं की गहू उंच वाढून असा लोळतो, पण जास्त झालं कुठून? हिशेब तीनदा केला, तिन्ही वेळा दोनशे सतराच! शेवटी सोल्वेग, सासरे आणि खताच्या दुकानातला मर्ल, सगळ्यांना स्वयंपाकघरात कॉफीला बसवलं. आमच्या नॉर्थ डकोटात कुणाची चूक तोंडावर दाखवत नाहीत, गुपचूप दुरुस्त करतात. तिथेच घोळ झाला होता.

सोल्वेग खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, तू नुसतं नत्रच लिहिलंयस. म्हणून मी त्याचा युरिया काढला. चारशे बहात्तर."

"अगं, मग विचारायचंस ना मला!"

"तुला वाईट वाटलं असतं."

मर्लला आकडा भलताच वाटला होता. पण गणिताच्या मास्तरांना काय विचारायचं, म्हणून त्याने मुकाट्याने ट्रक भरला होता.

सासरेबुवांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"थोडा युरिया मीही टाकला," ते म्हणाले. "तू कमीच घालशील असं वाटलं."

मला एकदम धीर आला. "म्हणजे चूक माझी नव्हती! मग शेती माझ्याकडेच?"

"तुझ्याकडेच. फक्त पुढच्या वर्षी सोयाबीन लाव. त्याला नत्र घालावंच लागत नाही."

गणिताच्या मास्तराला हिशेब नसलेलं पीक! खरं तर मला राग यायला हवा होता. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मला अगदी हायसं वाटलं.