सहा नमुने, एक कोरा पट्टा

पेंटरने ठरवलं, की क्रीम निवडायचं तर भिंतीचा रंग निवडतो तसंच निवडायचं. नमुने लावायचे, पंधरा दिवस उन्हात ठेवायचे आणि जो टिकेल तो घ्यायचा. एवढाच निर्णय. बायकोला न विचारता घेतला, म्हणून लहान वाटला.

या निर्णयामागे त्याचं नाक होतं. दोरावर टांगलेल्या फळीवर बसून सव्वीस वर्षं इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या, आणि एक दिवस उजव्या नाकपुडीवर एक डाग उगवला. डॉक्टरबाईंनी तो कापला, तपासायला पाठवला आणि सांगितलं, की हा कातडीचा कर्करोग आहे, पण त्यातल्या त्यात सज्जन. (सज्जन! चोरी करून जाताना चोराने दार लोटून घेतलं, तर तो जितका सज्जन, तितकाच हा.)

"पुन्हा उगवला तर टाक्यांवर भागणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाकाचा तुकडा जाईल. रोज सनस्क्रीन लावत जा."

"कुठलं?"

"तुमच्या कातडीला सोसेल ते."

आता हा काय सल्ला झाला? साध्या खोकल्याच्या औषधाला किती चमचे, जेवणाआधी की जेवणानंतर, हे लिहून देतात. आणि ज्याच्यावर माणसाचं नाक अवलंबून, ते म्हणे सोसेल ते! पण बाहेर बावीस जण ताटकळत होते, आणि तेविसाव्याने एव्हाना दार उघडून आत डोकं घातलं होतं. पेंटर उठला.

पेंटरची बायको कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. तिने घरी येऊन नवऱ्याचं नाक उजेडात धरलं आणि म्हणाली, "टीप सरळ घातलीय बाईंनी." बाकी जे होतं ते दोघांनाही माहीत होतं. पेंटरचा थोरला भाऊ, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. त्याच्या कानामागे असंच काहीसं आलं होतं. "एवढी इमारत होऊ दे, मग दाखवतो," असं म्हणत त्याने तीन इमारती केल्या. चौथीच्या वेळी फळीचं ते टोक रिकामं होतं.

तेव्हा पेंटरने हयगय केली, असं कोणी म्हणू नये. त्याने उलट फारच मनावर घेतलं. तिथेच घात झाला.

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "स्किन कशी आहे तुमची?"

"पश्चिमेची."

"म्हणजे?"

"दुपारनंतरचं ऊन थेट अंगावर."

"तसं नाही हो. ऑइली, ड्राय, सेन्सिटिव्ह?"

"सकाळी ड्राय. दहाच्या पुढे घामाने ऑइली. संध्याकाळी घासकाम केलेलं असलं, तर पुट्टी."

बाईंनी काउंटरवर सहा नळ्या मांडल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. पेंटरने चष्मा लावून एकेक नळी वाचायला घेतली. प्रत्येकीवर लिहिलेलं, 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेलं.' कुठल्या तज्ज्ञाने, कोणाच्या तोंडावर, कितव्या मजल्यावर, हे कुठेही नाही! एका नळीवर एक बाई उन्हाकडे बघून हसत होती, पण तिच्या डोक्यावर छत्री होती. छत्रीखाली बसून कोणीही हसेल. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत मागे माल लिहिला होता. तो वाचता वाचता मात्र पेंटर थबकला. टायटॅनियम डायऑक्साइड. झिंक ऑक्साइड.

"अहो, हा तर आपलाच माल!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला, की दुकानातल्या बाईंनी दचकून गल्ला बंद केला.

पांढऱ्या रंगाच्या प्रत्येक डब्यावर त्याने ही नावं सव्वीस वर्षं वाचली होती. म्हणजे इतके दिवस जे आपण भिंतीला लावत होतो, तेच आता तोंडाला लावायचं. मग यात विचारायचं काय कोणाला? या विषयातले तज्ज्ञ तर आपणच. सहाही नळ्या घेऊन तो घरी आला.

कुठलाही बरा पेंटर अख्ख्या इमारतीला रंग देण्याआधी सगळ्यात जास्त ऊन खाणाऱ्या भिंतीवर नमुन्याचे पट्टे मारतो. प्रत्येकाला नंबर देतो. आणि एक पट्टा कोरा ठेवतो, तुलनेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन आली, तर नवरा आरशासमोर बसलेला. तोंडावर मास्किंग टेपच्या उभ्याआडव्या पट्ट्या. टेपने आखलेल्या प्रत्येक चौकटीत वेगळं क्रीम, आणि चौकटीच्या कोपऱ्यात मार्करने नंबर.

"हे काय करताय?"

"नमुने."

"कसले नमुने? तुमचं तोंड आहे ते!"

"उजवा गाल एक आणि दोन. कपाळ, उजवं तीन, डावं चार. हनुवटी पाच, मान सहा. डावा गाल कोरा."

"कोरा? डॉक्टरबाई काय म्हणाल्या आणि तुम्ही काय करताय?"

"अगं, कोरा ठेवल्याशिवाय कळणार कसं? सगळीकडेच लावलं तर टिकलं कुठलं, हे ठरवायचं कशावरून?"

बायकोने चहा खाली ठेवला. "नाकावर मी लावणार," ती म्हणाली. "रोज. त्या जागेवर तुमचा प्रयोग चालायचा नाही." एक नंबरची नळी तिने उचलली आणि टाक्यांच्या जागेवर, मशीनमध्ये दोरा ओवताना घेते तेवढ्या काळजीने, क्रीम थापलं. पेंटरने हरकत घेतली नाही. (घेतली असती तरी नोंदवली गेली नसती.)

कामावर जोडीदाराने त्याला पाहिलं आणि हातातला रोलर डब्यात ठेवून दिला. हा जोडीदार दादाच्या जागी आलेला, तोंडाने फटकळ, हाताने चोख.

"काय रे, तोंडाचं टेंडर काढलंस का?"

"डॉक्टरने सांगितलंय."

"नंबरसुद्धा डॉक्टरने सांगितले? चौथ्यात कोण राहतं?"

पेंटरच्या खिशात वही होती, आणि वहीत रोज नोंद होत होती. दोन नंबर दहा वाजता घामाबरोबर डोळ्यात उतरलं, आणि सहाव्या मजल्याच्या उंचीवर पेंटर काही काळ आंधळा होता. तीन नंबर वाळलं की प्राइमरसारखं पांढरंफटक. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्याचा तेवढाच अर्धा चेहरा पाहिला आणि खिडकी लावून घेतली. पाच नंबर इतकं चिकट, की भिंत घासायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत हनुवटीवर पॉलिश पेपर तयार. सहाने मानेवर पुरळ. एक नंबर ठीक, पण त्यात बायकोची निवड असल्यामुळे पेंटरने शेरा मारला, 'साधारण.'

चार नंबर मात्र अजब निघालं! बाराव्या दिवशी सगळा चेहरा करपून विटकरी झालेला, आणि डाव्या कपाळाचा तेवढा तुकडा नव्या भांड्यासारखा. पेंटरने जोडीदाराला दाखवलं, मुकादमाला दाखवलं, आणि घरी जाताना दुकानातून चार नंबरच्या आठ नळ्या उचलल्या. नंबर खरवडून काढले, तर त्यांच्या खालची कातडी गोरीच राहिलेली. आता चार सोडून बाकी पाच आकडे विटकरी तोंडामानेवर फिकट रंगात उमटले होते. त्याचंही त्याला विशेष वाटलं नाही. विजयी माणसाला असल्या गोष्टी दिसत नाहीत.

दिसलं ते बायकोला. कोऱ्या पट्ट्यावर, डाव्या गालाच्या हाडावर, सोललेल्या कातडीच्या मधोमध, गव्हाच्या दाण्याएवढा एक काळा डाग होता.

"हे कधीपासून?"

"असेल काहीतरी. खपली."

तिने बोट फिरवलं. निघाला नाही. साबण लावला. निघाला नाही. मग तिने हात धुतला, बराच वेळ धुतला, आणि म्हणाली, "उद्या सकाळी जायचं."

डॉक्टरबाईंनी आधी नाक पाहिलं. "जागा स्वच्छ आहे. छान." मग त्या जरा मागे सरकल्या आणि त्यांना अख्खा चेहरा दिसला. "हे आकडे कसले?"

पेंटरने वही काढली. सगळा प्रयोग सांगितला, आणि शेवटी कपाळ पुढे करून म्हणाला, "चार नंबर. तुम्हीही पेशंटना बिनधास्त लिहून देत जा."

डॉक्टरबाईंनी कपाळ नीट पाहिलं. "कामावर टोपी घालता?"

"घालतो की."

"आत्ता घाला. रोज घालता तशी."

पेंटरने टोपी घातली. सव्वीस वर्षांच्या सवयीप्रमाणे डावीकडे कलती, डाव्या भुवईपर्यंत ओढलेली. डॉक्टरबाईंनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. चौथा पट्टा सगळाच्या सगळा टोपीखाली.

"हे टोपीचं काम," त्या म्हणाल्या. "तुमची चौथी नळी उन्हात गेलेलीच नाही. आणि क्रीम लावायचात किती?"

"पातळ एक हात."

"दोन बोटांवर भरून घ्यायचं एवढं, तेही नुसत्या चेहऱ्याला. आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. जे झोंबणार नाही, चिकटणार नाही आणि तुम्ही कंटाळा न करता रोज लावाल, ते तुमच्यासाठी चांगलं. एवढंच म्हणायचं होतं मला."

हे त्या दिवशी म्हणाल्या असत्या, तर काय बिघडलं असतं? पण पेंटरला भांडायला सवड मिळाली नाही. कारण डॉक्टरबाईंचं बोट डाव्या गालावर येऊन थांबलं होतं.

"हा नवीन आहे," त्या म्हणाल्या. "काळा आहे. काळ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आजच काढते." डाव्या गालाला चार टाके पडले आणि तो दाणा बाटलीत घालून तपासायला गेला. रिपोर्ट आठ दिवसांनी.

त्या आठ दिवसांत घरात कोणी काही जोरात आपटलं नाही. बायकोने सगळ्या नळ्या एका खणात टाकल्या, फक्त एक नंबर बाहेर ठेवली, आणि रोज सकाळी नवऱ्याची हनुवटी धरून तोंडभर, मानभर, कानांमागेसुद्धा ती लावली. कानांमागे जरा जास्तच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती लावता लावता म्हणाली, "तो गाल कोरा का ठेवलात?"

"सांगितलं ना. तुलनेला."

"कोणाशी तुलना? दादांशी?"

पेंटरने टोपी उचलली आणि कामाला निघाला. फळीवर बसल्यावर त्याची नजर एकदा दुसऱ्या टोकाकडे गेली. जोडीदाराने त्या आठवड्यात एकदाही टोमणा मारला नाही, आणि त्यामुळेच पेंटर जास्त घाबरला. फटकळ माणूस गोड बोलायला लागला, की समजावं, आपलं काही खरं नाही. एकदा तर जोडीदाराने आपल्या बाटलीतलं पाणी त्याला आधी दिलं. पेंटरने बाटली तशीच परत केली.

आठव्या दिवशी नवरा-बायको डॉक्टरबाईंसमोर बसले. बायकोने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट एकदा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचणारा डॉक्टर म्हणजे काय असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पेंटरने मनातल्या मनात अर्धवट राहिलेली इमारत जोडीदाराच्या हवाली केली.

"कर्करोग नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बायकोचा श्वास सुटला. "मग काय आहे?"

"रंग."

"कसला रंग?"

"बाहेरून आलेला. लॅबवाल्यांनी तसंच लिहिलंय. ऊन लागून कातडी सोलली, त्यात रंगाचा ठिपका उडाला, आत रुतला आणि वरून खपली धरली. मला तो काळा वाटला. पुसून पाहायला हवा होता मी."

"काळा नव्हे," पेंटर म्हणाला. त्याला राहवलं नाही. "गर्द चॉकलेटी. खिडक्यांच्या चौकटींना चाललाय. ऑइल पेंट." आणि मग, डोळ्यांत पाणी असताना, त्याच्यातला कारागीर जागा झाला. "पण बघा बाई, ऊन खाल्लं, घाम खाल्ला, हिने साबणाने घासला. जरा म्हणून फिका पडला नाही!"

"हो," डॉक्टरबाई रिपोर्टची घडी घालत म्हणाल्या. "तुमच्या कातडीला सोसलेलं तेवढं एकच दिसतंय."

बायको हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग दोन्ही एकदम. तशीच दोघं बाहेर जिन्यापाशी आली. पेंटरने मोठेपणाने तिचा हात धरला, डाव्या गालाचे टाके ओढले जाणार नाहीत इतपत हसला आणि तिने काहीतरी चांगलं बोलावं म्हणून थांबला. तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. एक नाकपुडी शिवलेली, एक गाल शिवलेला, आणि मधे अजून फिकट दिसणारे पाच आकडे.

"सव्वीस वर्षं रंग देताय," ती म्हणाली, "पण भिंत कुठे संपते आणि आपलं तोंड कुठे सुरू होतं, ते काही तुम्हाला अजून कळलेलं नाही."