बटणांचा फोन

भावजींचं हृदयाचं ऑपरेशन ठरल्याचा निरोप ताईने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली कवळीकरांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला.

त्यांना हात जोडायचे होते. जोडलेले हात आणि तो हसरा चेहरा त्यांच्या फोनवर अगदी शेजारी राहायचे. कवळीकरांचा अंगठा हातांवरच पडला होता, पण फोनचं मत वेगळं पडलं. घाबरून त्यांनी तो चेहरा पुसायला घेतला, तेव्हा तो फक्त त्यांच्या स्वतःच्या फोनवरून गेला. बाकी सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर, वरखाली जोडलेल्या हातांच्या मधोमध, तो एकटा हसत राहिला.

कवळीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देत, म्हणून गल्लीने त्यांना ते नाव दिलं आणि पुढे पोस्टमनही तेच वापरू लागला. प्लॅस्टर कालवणं, मेणात दात बसवणं, मग फिरत्या चाकावर कवळीला चकाकी आणणं, यात त्यांचा जन्म गेला होता आणि बोटांची टोकंही. ती इतकी गुळगुळीत आणि टणक झाली होती की फोनच्या काचेला तिथे माणूस आहे हे पटतच नसे. दहादा दाबावं तेव्हा एकदा ती मान्य करी आणि तेही शेजारचंच काहीतरी.

"मी टाइप करून देते," बायको म्हणाली. "चुकून गेलं म्हणून लिहिते."

"माफी दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायची?"

"मग बोलून पाठवा. बोललेलं जातं की त्याच्यातून."

कवळीकरांनी दुकानात बसून तेही करून पाहिलं. पण बोटाला दाद न देणारा फोन त्यांचं बोलणं संपल्यावर ऐकू लागला, आणि त्याने चकाकीच्या चाकाची घरघर तेवढी इमानाने टिपली. ती ग्रुपवर गेली. भावजींना त्या वेळी ऑपरेशनला आत नेत होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. ताईने तसं कवळीकरांच्या बायकोला फोन करून सांगितलं.

"माझ्याबद्दल काय म्हणाली?" कवळीकरांनी विचारलं.

"काही नाही. घाईत होत्या."

"बघ," कवळीकर म्हणाले आणि जेवण अर्धवट टाकून उठले.

ताईचं गाव लांब होतं. भेटायला कोणी येऊ नये असं डॉक्टरांनी सगळ्यांनाच सांगितलं होतं, पण कवळीकरांनी त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला. मग एके दुपारी ताईचा फोन त्यांनाच आला. पडद्यावर तिचं नाव थरथरत होतं आणि खालचं हिरवं वर्तुळ वर सरकवायचं होतं. कवळीकरांनी ते उजव्या अंगठ्याने सरकवलं, डाव्याने सरकवलं, बोट ओलं करून सरकवलं, शेवटी नाकानेही प्रयत्न केला. नाकाने फोन कट झाला.

"आता ती म्हणेल, हसतो आणि वर फोनही तोडतो," ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही लावा की उलटा."

"कुठल्या तोंडाने?"

अशा मनःस्थितीत माणूस कामात चुकतोच. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मेसेजवर विचारलं, उद्या कुठली तयार होईल, वरची की खालची? कवळीकरांनी 'खालची' लिहिलं, फोनने 'कालची' पाठवलं. बाईंनी फोन केला, तो उचलता आला नाही. दुसऱ्या दिवशी एक आजोबा त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसले आणि 'कालची' म्हणून आणलेल्या डबीतून दुसऱ्याच कुणाचीतरी कवळी निघाली.

"फोन बदला हो," बाई नंतर समोर येऊन म्हणाल्या. "नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका."

कवळीकरांनी राग मानला नाही. त्यांना ते सगळं योग्यच वाटत होतं.

तेव्हा त्यांना तो फोन दिसला. बायकोने तिच्या फोनवर शोधून दाखवला. वर छोटा पडदा आणि खाली खरीखुरी, उंच, दाबली की टक् आवाज करणारी बटणं. प्रत्येक बटणावर एक अक्षर, उचलायला हिरवं बटण, ठेवायला लाल. कवळीकर त्या चित्राकडे इतका वेळ बघत राहिले की बायकोच्या फोनचा पडदा दोनदा विझला.

अडचण एवढीच होती की तो फोन कुणालाच माहीत नव्हता. फार दूरच्या देशात दोन भाऊ तो बनवत. मोबाइलच्या दुकानदाराने नाव ऐकून मान हलवली.

"साहेब, याची काच फुटली तर काच नाही. बॅटरी गेली तर बॅटरी नाही. याला कव्हरसुद्धा मिळणार नाही."

"आणि बिघडला तर?"

"तर तुमच्याकडे बिघडलेला फोन राहील."

बायकोने कंपनीलाच पत्र लिहिलं. फोन किती वर्षं चालेल? त्यात नव्या सुधारणा किती दिवस येत राहतील? दुरुस्तीला कुठे न्यायचा? आठवड्याभराने एका भावाचं उत्तर आलं. दुरुस्ती दुसरा भाऊ करतो, पण सध्या त्याची पाठ धरली आहे. सुधारणा जमतील तशा येतील. फोन किती वर्षं चालेल याची आम्हालाही उत्सुकता आहे.

"प्रामाणिक माणसं दिसतात," बायको म्हणाली.

"डॉक्टर असा प्रामाणिक बोलायला लागला की पेशंट वाचत नाही," कवळीकर म्हणाले.

गावात हा फोन वापरणारा एकच माणूस निघाला. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा आणि त्याचे अंगठे पान्यासारखे होते. कवळीकर त्याच्या घरी गेले. टेबलावर तसले दोन फोन होते, एक अख्खा आणि एक पार उघडलेला.

"घ्याच," लिफ्टवाला म्हणाला. "मी इतकी वर्षं यंत्रं बघतोय. असं यंत्र बघितलं नाही. फक्त घेताना दोन घ्या."

"दोन कशाला?"

"एक वापरायला आणि एक त्याला जगवायला."

"आणि चालतो कसा?"

"उत्तम. बटणं बघा की. अंधारात, हातमोजा घालून, कसंही दाबा." त्याने फोन कवळीकरांच्या हातात ठेवला. "कधी कधी फोन येत नाहीत, तेवढं सोडलं तर काहीच तक्रार नाही."

"फोन येत नाहीत?"

"लोक घरी येतात मग. बरं वाटतं."

कवळीकरांनी 'माफ कर' एवढी अक्षरं दाबून पाहिली. पडद्यावर 'माफ कर' उमटलं. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरून ते पुन्हा वाचलं. लिफ्टवाल्याने समजूतदारपणे खिडकीबाहेर पाहिलं.

तरीही ठरेना. घ्यावा तर उद्या बंद पडेल, न घ्यावा तर ताई कायमची दुरावेल. कवळीकर चाकाजवळ बसून एकाच कवळीला इतकी चकाकी आणू लागले की एका पेशंटने ती परत पाठवली, आरशात फार चमकते म्हणून. रात्री ते पडल्या पडल्या बायकोला फोनचे दोष सांगत आणि सकाळी गुण. शेवटी एका सकाळी, गुणांच्या वेळी, बायकोने तो मागवून टाकला.

"विचारायचं तरी," कवळीकर म्हणाले.

"कुणाला? तुम्हाला? तुमचं उत्तर संध्याकाळी बदललं असतं."

फोनच्या आधी त्या भावाचं पत्र आलं. तुमचे मनापासून आभार, त्याने लिहिलं होतं, तुम्ही आमचे शेवटचे ग्राहक आहात. भावाची पाठ काही सुधारली नाही, त्यामुळे आम्ही कंपनी बंद करत आहोत. फोनवर प्रेम करा.

कवळीकरांनी हे पत्र शांतपणे ऐकलं. याहून वेगळं काही होईल अशी त्यांची अपेक्षाच राहिली नव्हती. त्यांना एकच भीती होती, की फोन माफीच्या आधी मरेल. म्हणून डबा उघडल्या उघडल्या, चार्जिंगची वायर तशीच लावून ते लिहायला बसले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फोनवर सलग, शुद्ध, काना-मात्रेसकट लिहिलं. "ती. भावजी आणि ताईस. तुमच्या ऑपरेशनच्या बातमीवर माझ्याकडून जो हसरा चेहरा गेला तो केवळ बोट घसरल्याने गेला. माझ्या मनात तसं काहीही नव्हतं. त्यानंतर आलेली घरघर ही चाकाची होती. ताईचा फोन माझ्या नाकाने तुटला. झाल्या प्रकाराबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे." सगळा मजकूर दोनदा वाचून त्यांनी तो ग्रुपवर पाठवला. टक् आवाज झाला. गेला. कवळीकर खुर्चीत मागे टेकले आणि किती दिवसांनी त्यांनी चहा मागितला.

चहा यायच्या आत ताईचा फोन आला. त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात तिचा आवाज आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"हे काय लिहिलंयस तू?"

"माफी मागितली, ताई."

"कशाची? अरे, तो चेहरा बघून हे किती हसले माहितीये? सगळ्यांनी हात जोडलेले. हे म्हणाले, मी गेलो की काय? कोणी मला जिवंत धरायलाच तयार नाही. एक तुझा तेवढा हसरा. तो बघत आत गेले ते. वॉर्डात सगळ्यांना दाखवत होते, माझा मेव्हणा बघा म्हणून. हेच सांगायला मी तुला फोन केला होता, तर तू तोडलास."

मागे टेकलेले कवळीकर खुर्चीत ताठ बसले.

"आणि आता म्हणतोस बोट घसरलं. वाचून काय वाटेल त्यांना? आत झोपलेत. उठले की आधी फोन बघतात. त्याच्या आत मागे घे ते."

कवळीकर बटणं दाबत सुटले. पाठवलेलं मागे घेण्याची जागा त्यांना सापडलीसुद्धा. तिथे लिहिलं होतं, ही सोय पुढच्या सुधारणेत येईल. त्यांनी लिफ्टवाल्याला फोन लावला.

"मागे नाही घेता येत," लिफ्टवाला म्हणाला. "त्यावरून एकदा गेलं की गेलं. म्हणून तर मी त्यावर काही लिहीतच नाही."

कवळीकर फोन मांडीवर ठेवून बसले. बायकोने समोर ठेवलेल्या चहावर साय आली. जुना काचेचा फोन असता तर निदान उचलता आला नाही असं म्हणायची सोय होती. फोन वाजला, पडद्यावर भावजींचं नाव होतं आणि हिरवं बटण अंगठ्याखालीच होतं.

"वाचलं मी," भावजींचा आवाज बारीक पण करारी होता. "हे कोणी लिहून घेतलं तुझ्याकडून?"

"अं?"

"'अत्यंत दिलगीर' म्हणे. तुला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही फोनवर. 'ती. भावजी' काय, पूर्णविराम काय. एकही अक्षर चुकलेलं नाही. हे तू लिहिलेलं नाहीस, मला फसवू नकोस." भावजी दम घ्यायला थांबले. "तुझ्या त्या बोटांनी एवढ्या सगळ्यातून नेमका तो चेहरा शोधून काढायचा म्हणजे किती धडपडला असशील, ते मला कळत नाही का? आजारी माणसाला हसतो म्हणून कोणीतरी तुला झापलेलं दिसतंय. कोण ते सांग."

कवळीकरांनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर भावजींचा एकुलता एक हसरा माणूस जाणार होता. त्यांनी समोर पाहिलं. बायको चहा गरम करायला कप उचलत होती.

"हिने," कवळीकर म्हणाले.

"वाटलंच मला. दे तिला."

"कोण आहे?" बायकोने विचारलं.

कवळीकरांनी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि फोन तिच्या हातात दिला.