सायबीणीची ओटी आणि बोडका नारळ

माझ्या हातून आजवर एकही वस्तू हरवलेली नाही! हे मी छातीठोकपणे सांगते. दहावीचं हॉल तिकीट, लग्नातली कुंकवाची डबी, गौरवीचे पहिले मोजे, सगळं जागच्या जागी. आमच्या घरात कुणाला काही सापडेनासं झालं की देवाच्या आधी माझं नाव घेतात. त्यामुळे आमच्या शाळेच्या सिस्टर एस्पेरान्सा जेव्हा म्हणाल्या, "स्नेहा टीचर, क्वायरची बावीस पोरं घेऊन पोर्तुगालला फातिमा सायबीणीच्या दर्शनाला जायचंय. ब्रागांझा टीचरनं नेमका आत्ताच पाय मोडून घेतलाय. तू येशील?" तेव्हा मी एका दमात हो म्हणाले. बावीस पोरं काय, बावीस हत्ती दिले असते तरी मोजून नेले असते आणि मोजून परत आणले असते!

घर पेडण्यात, शाळा पेडण्यात. शाळा कॉन्व्हेंटची, मी तिथे मराठी शिकवते. नवरा अक्षय मुरगावला बंदरात नोकरीला. अडचण एकच होती, आणि ती अडीच वर्षांची होती.

गौरवी बोलत नव्हती. कान उत्तम, डोळे उत्तम, खोड्या तर पदक मिळावं इतक्या उत्तम. पण तोंडातून शब्द म्हणून नाही! डॉक्टर म्हणायचे, "बोलेल हो, घाई करू नका." घाई मी करतच नव्हते. फक्त दुपारी ती झोपली की तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच "आई, आई" म्हणून ठेवायचे. बी पेरून ठेवावं तसं.

अशा पोरीला दहा दिवस सोडून जायचं? मी सासूबाईंना भीत भीत विचारलं. त्यांचं नाव चंद्रावती, पण आम्ही सगळे त्यांना मांय म्हणतो.

"जा गे," मांय म्हणाल्या. "चेडवाक मी सांभाळतंय. पण येताना सायबीणीची ओटी भरून ये."

"मांय, ती ख्रिस्तांवांची सायबीण, मेरीमाता. तिची ओटी कशी भरायची?"

"कशी म्हणजे? शिरगावची लईराय, म्हापशाची मिलाग्रीस, सगळ्यो भयणी! ही जरा लांबच्या घरात पडली, इतक्यांच. लांबच्या भयणीकडे कोण रिकाम्या हातान जाता?"

मी लगेच बॅगेत खण, तांदूळ आणि हळदकुंकू भरलं!

मांयनी नवस बोलला. गौरवी बोलायला लागू दे. अटी तीन. नारळ घरच्या माडाचा हवा. शेंडीसकट हवा. आणि सायबीणीच्या पायाशी ठेवून परत आणायचा. तो घरी फोडायचा आणि पहिलं खोबरं गौरवीच्या तोंडात. आमचा पाडेली बाबाजी, जो गेली तीस वर्षं आमचे माड चढतोय, त्याला खास बोलावून नारळ काढून घेतला. बाबाजीनं तो कानाशी हलवला, सोलला, शेंडीवरून हात फिरवला आणि मुलगी सासरी पाठवावी तसा माझ्या ओंजळीत दिला.

"नाल्ल हरवलो तर?" मांयनी विचारलं. आमच्याकडे नारळाला नाल्लच म्हणतात.

मी हसले. "मांय! मी?"

नारळ बॅगेत इकडेतिकडे आपटू नये म्हणून मी त्याला गौरवीची लोकरीची टोपी घातली. (खरं सांगायचं तर टोपीला तिचा वास होता, म्हणून ती मला हवीच होती. नारळ हे निमित्त.) विमानतळ आता आमच्या पेडण्यातच, मोपाला. तिथे बॅग यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला.

"मॅडम, यात हे गोल काय आहे? आत पाणीही हलतंय."

बॅग उघडली. लोकरीची गुलाबी टोपी, त्याखाली तीन डोळे. तो अधिकारी दोन पावलं मागे सरला!

"नारळ आहे," मी म्हणाले.

"टोपी का घातलीय?"

"थंडी वाजू नये म्हणून!" मागून स्वीझल ओरडली. स्वीझल म्हणजे आमच्या क्वायरची तेरा वर्षांची मुख्य गायिका आणि माझ्या पुढच्या सगळ्या संकटांची मुख्य सल्लागार. सुकं खोबरं असतं तर ठेवून घेतलं असतं, हा पाण्याचा आहे, असं बजावून त्यांनी नारळ सोडला. बावीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. नारळ परदेशी निघाला!

फातिमाला आम्ही यात्रेकरूंच्या एका घरात उतरलो. पुढे अंगण, अंगणात गुलाब, गुलाबांत सायबीणीची हातभर उंचीची मूर्ती. सिस्टर म्हणाल्या, "मोठ्या देवळात नारळ नेलास तर मला दहा जणांना समजावत बसावं लागेल. ही अंगणातली पण सायबीणच आहे. रविवारी सकाळी मिसाच्या प्रार्थनेला जाऊन आलो की इथेच भर ओटी."

रविवारपर्यंत रोज व्हिडिओ कॉल. मला बघायचं असायचं गौरवीला. मांयना बघायचा असायचा नारळ, कुठे आहे आणि कसा आहे.

"नाल्ल खंय आसा? नाल्ल दाखय!"

मी टोपीवाला नारळ स्वतःच्या गालाला लावून स्क्रीनसमोर धरायचे. गौरवी मांयच्या मांडीवर बसून टकमक बघायची. तिची टोपी, तिची आई आणि मध्ये हे तीन डोळ्यांचं काहीतरी.

"पाणी हलय बघूया!" मी हलवायचे. "शेंडी दाखय!" मी दाखवायचे. मग शेजारच्या विमलावहिनी यायच्या, "माका दाखय नाल्ल!" मग अक्षय कामावरून घरी आलेला असायचा, त्याचं डोकं घुसायचं, "नाल्ल बरा आहे ना?" माझी विचारपूस नाही! मी म्हणजे नारळाची आया.

शुक्रवारी मी सांगितलं, "मांय, नारळाच्या डोळ्याला जरा ओलसर वास येतोय."

"अगे, मग थंड जाग्यार दवर!"

लक्षात ठेवा हं. हे त्यांनी सांगितलं. मी नाही.

मी नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथली स्वयंपाकीण दोना ग्रासा, पिंपासारखी भरदार आणि पिंपासारखीच गार, शांत स्वभावाची प्रेमळ बाई. मला पोर्तुगीज येत नाही, पण गोव्याच्या माणसाला ते पूर्ण येत नाही असंही नाही! पाव, मेज, जनेल (खिडकी), कुलेर (चमचा) हे शब्द आम्ही जन्मापासून वापरतो. त्या जोरावर मी फ्रिजकडे बोट केलं. दोना ग्रासानं नारळ दोन्ही हातांत घेतला, टोपी बघून छातीवर हात ठेवला, आणि मला एक लांबलचक प्रश्न विचारला. त्यात जनेल नव्हतं की कुलेर नव्हती. मी हसून हो-हो म्हणाले, वर आभारही मानले, "सीं, सीं! ओब्रिगाद!"

तिनं पुन्हा विचारलं, "सीं?"

"सीं!"

नकार द्यायला भाषा लागते हो. होकाराला नुसते दात पुरतात.

शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर दोना ग्रासा भलंमोठं ताट घेऊन आली. सोनेरी, वर करपल्यासारख्या खरपूस कडांचं, खोबऱ्याचं काहीतरी. पोरं तुटून पडली. मी दोन तुकडे खाल्ले. दोन! वर सिस्टरना म्हणाले, "काय चव आहे बघा! अगदी आमच्या घरच्या माडाच्या खोबऱ्यासारखी!"

तेवढ्यात दोना ग्रासानं येऊन माझ्या हातात गौरवीची टोपी ठेवली. धुतलेली. इस्त्री केलेली.

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. "सिस्टर," मी म्हणाले, "नवस खाल्ला."

"कुणी?"

"आपण सगळ्यांनी."

बावीस पोरं चमचे खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. एकानं हळूच विचारलं, "टीचर, आता आम्हांला काय होणार?"

तुम्हांला काय होणार! मला काय होणार? दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, म्हणजे आमच्या पेडण्यात दुपारी साडेतीनला, ओटी थेट दाखवायची असं ठरलं होतं. आणि त्या नारळात, तुम्हांला खोटं वाटेल, पण माझ्या पोरीचा पहिला शब्द होता. माझा यावर विश्वास होता का? पेडण्यात असताना नव्हता. पण रिकामी टोपी हातात घेतल्यावर झाला.

सकाळी मिसाहून परतताना मी आणि स्वीझलनं दुकान गाठलं. तिथे नारळ मिळाला! पण काय नारळ! गुळगुळीत, तासलेला, कपाळावर गोल स्टिकर. नुकताच मुंडण करून, टिळा लावून आलेला यात्रेकरूच!

"टीचर, याला शेंडीच नाही," स्वीझल म्हणाली.

"दिसतंय मला!"

"शेंडी कशाची असते?"

"काथ्याची."

स्वीझल विचार करत चालत राहिली. घराच्या दाराशी पोचलो तशी ती थांबली आणि खाली बघायला लागली. खाली पायपुसणं होतं. काथ्याचं.

"नाही!" मी म्हणाले.

"टीचर, धुऊन घेऊ. साबणानं. आणि तसा तो पण नारळच ना?"

देवा, क्षमा कर. मी पायपुसणं धुतलं. तीनदा. मूठभर काथ्या पायपुसण्याच्या कोपऱ्यातून उपटला, स्वीझलनं मेणबत्ती पेटवली (फातिमाला आणखी काही मिळो न मिळो, मेण भरपूर!) आणि मेणाचे थेंब टाकून आम्ही त्या बोडक्याला शेंडी बसवली. स्टिकर खरवडला. लांबून बघितलं तर नारळ! फार लांबून.

अकरा वाजले. अंगणात ऊन कसं पडलं होतं म्हणता! सायबीणीपुढे मी खण ठेवला, तांदूळ ठेवले, हळदकुंकू ठेवलं. बावीस पोरं अर्धवर्तुळात, हात जोडून. सिस्टरनी फोन धरला. पलीकडे अक्षयनं फोन टीव्हीला जोडला होता, आणि आमच्या हॉलमध्ये अर्धा वाडा जमला होता! मांय नव्या लुगड्यात. विमलावहिनी. आणि सर्वांत पुढे, टीव्हीला नाक लावून, बाबाजी पाडेली.

"नाल्ल दाखय!" मांय म्हणाल्या.

मी दाखवला. झटकन. आणि खाली घेतला.

"पुन्हा दाखय."

पुन्हा दाखवला.

बाबाजीचा आवाज आला. "चंद्रावतीबाय, हो माझो नाल्ल न्हय."

"असं कसं बाबाजी!" मी हसायचा प्रयत्न केला. "प्रवासानं जरा उतरलाय."

"नाल्ल उतरना नाय गे! तीस वर्सां माड चढतंय, माझ्या नाल्लाचे डोळे माका ठावक नाय? हो परको!"

"शेंडी तर आहे ना!" असं म्हणून मी नारळ उन्हात उंच धरला.

हीच चूक झाली. मेणाला ऊन लागलं. शेंडी आधी डावीकडे कलली. मग उजवीकडे. मग अगदी सावकाश, एखादं म्हातारं माणूस खुर्चीतून उतरावं तशी, नारळाच्या गालावरून घसरत आली आणि तांदळात पडली. जगातल्या दोन खंडांनी ती एकाच वेळी पडताना पाहिली.

"शेंडी पडली," विमलावहिनी म्हणाल्या. कुणाला दिसलं नसेल तर!

"नाल्ल खंय आसा?" मांयचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आमचो नाल्ल खंय आसा, स्नेहा?"

मी तोंड उघडायच्या आधी बावीस पोरं क्वायरच्या सुरात एकदम म्हणाली, "आम्ही खाल्लाऽऽ!"

मग मात्र मला रडू आलं. सगळं सांगितलं. फ्रिज, सीं सीं, पायपुसणं सुद्धा! पायपुसणं सांगायची गरज नव्हती, पण एकदा खरं बोलायला लागलं की थांबायचं कुठे ते कळत नाही. "मांय, माझ्यामुळे गौरवीचा नवस..." असं म्हणत मी तो नारळ छातीशी धरला.

टीव्हीसमोर काहीतरी हललं. गौरवी मांयच्या मांडीवरून उतरली होती. बाबाजीला ढकलून ती पुढे आली. फोनच्या कॅमेऱ्यात तिचं नाकच दिसत होतं. तिनं बोट वर केलं, त्या बोडक्या, परक्या, शेंडी पडलेल्या नारळाकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"नाल्ल!"

मांय ताडकन उभ्या राहिल्या.

"नाल्ल! नाल्ल खंय?"

एक नाही, दोन शब्द! अख्ख्या वाड्यानं आरडाओरडा केला. अक्षय रडत होता, विमलावहिनी टाळ्या पिटत होत्या, बाबाजी ओरडत होता, "बघलास, माझो न्हय तरी तिणां वळखलो!" इकडे पोरांनी सिस्टरनी न सांगताच गाणं सुरू केलं. दोना ग्रासा धावत बाहेर आली, काय झालं ते तिला कळलं नाही, पण तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "सीं, सीं!"

मांयनी डोळे पुसले. "रडतंस कित्याक? बावीस पोरांच्या पोटात गेलो म्हणजे सायबीणीनच खाल्लो. आता तो बोडको भर ओटीत. भयणीच्या घरात जां आसता तां गोड मानतत. पण ती शेंडी आधी उचल थंयसून!"

सहा दिवस घरात सकाळ-संध्याकाळ एकच शब्द चालू होता, दुसरं ती पोर शिकणार तरी काय, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मांयनी डॉक्टरांकडे जाणंच बंद केलं.

तर परत आलो. बावीस गेले होते, बावीस आणले, मोजून! मोपाला बाहेर पडले तर समोर अक्षयच्या कडेवर गौरवी. मी बॅगा टाकून धावले. तिनं मला बघितलं, दोन्ही हात पुढे केले. मी तिला कडेवर घेतलं. इतक्या दुपारी पेरून ठेवलेलं बी! तिनं माझे दोन्ही गाल धरले, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली,

"नाल्ल!"

रोज मोबाईलमध्ये आई आणि नारळ एकाच चौकटीत दिसले होते. तिनं आपला हिशेब केला.

"आई" यायला पुढे दीड महिना लागला. तोवर ती घरभर मला "नाल्ल! ए नाल्ल!" अशा हाका मारत फिरायची.

आणि मी, पदवीधर, मराठीची शिक्षिका, जिथे असेन तिथून धावत ओ द्यायचे.