हरामखोर भजे सेंटर

आमच्या फाट्यावरच्या यादोरावनं तुम्हाला शिवी दिली, तर समजा सगळं ठीक आहे. "आला का रे हरामखोर, बस!" म्हणाला की पाय पसरून बसा, चहा सांगा. पण तो जर "या जी, बसा जी" म्हणाला, तर चहा सांगू नका. आधी घरी फोन लावा आणि कोण गेलं ते विचारा.

फाटा म्हणजे अर्जुनी मोरगावच्या रस्त्यावरून आमच्या गावची वाट फुटते ती जागा. तिथे टिनाच्या छपराखाली यादोरावचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. सकाळी आलूबोंडे, दुपारनंतर भजे, चहा कधीही. छपरावर निळ्या रंगाची पाटी: 'हरामखोर भजे सेंटर'. खाली बारीक अक्षरात 'शुद्ध शाकाहारी'. पेंटर गोंदियाचा होता. रंगाचा डबा उघडून बिचारा थांबला. "काका, पक्का ना? बाद में मेरे को मत बोलना." त्यानं पाटी रंगवली, पण कोपऱ्यात आपलं नाव टाकलं नाही. पेंटर लोक नाव टाकायचं सोडतात का कधी?

एस.टी. थांबली की यादोराव झारा हातात घेऊनच ओरडायचा, "आज टायमावर कसा आला रे हरामखोर? डेपोत कोनी मेलं का?" ड्रायव्हर हसत उतरायचा. एकदा एक साहेब गाडीतून उतरले. यादोरावनं त्यांनाही विचारलं, "काय देऊ रे हरामखोर, चहा का भजे?" साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. तरी दोन प्लेट भजे खाल्ले. जाताना म्हणाले, "भाषा सुधारा जरा."

यादोराव म्हणाला, "भाषा खराब आहे साहेब, तेल ताजं आहे. दुसऱ्या जागी उलटं राहते."

भजन मंडळाच्या बाया दुकानासमोरून जाताना पदर कानावर ओढून घेत. आमची घरवाली सायत्राही त्यातच. असला शब्द कानात जायला नको म्हणे. घरी आल्यावर मात्र मला विचारायची, "त्या मेल्याकडचे भजे आनले का जी?" मेला चालत होतं, हरामखोर चालत नव्हतं. शिव्यांतही जातपात असते, दुसरं काय.

मी यादोरावला चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो. तरणेपणी हा माणूस शिवी देत नव्हता. उलट गुळासारखा गोड. पहिला पोरगा झाला, त्याला राजा म्हणायचा, खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचा. तो गेला. मग पोरगी झाली, तिला सोनी म्हणायचा. तीही गेली. तिसऱ्या वेळेस पोरगा झाला तेव्हा त्याच्या सासूनं तो सुपात घातला आणि उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारणीनं उचलला आणि मूठभर कोंडा घेऊन परत विकला. आमच्याकडे असं करतात. जे लेकरू कोणी टाकून दिलं, कोंड्याच्या भावात घेतलं, त्याच्यावर मरणाची नजर जात नाही. म्हणून तर गावात कचरू आहेत, कोंडू आहेत. चांगले म्हातारे होऊन बिड्या ओढतात.

सासूनं बजावलं, "आता याले गोड नोको बोलू बापा. गोड बोललास का गेला."

शाळेत पोराचं नाव प्रकाश लागलं. पण बापानं ते तोंडातून कधी काढलं नाही. ऊठ रे हरामखोर, जेव रे हरामखोर, शाळेत जा रे हरामखोर. पोरगा जगला. शिकला, नागपूरला कंपनीत लागला. बायकोला मात्र यादोरावनं कधी शिवी दिली नाही. लाज वाटायची म्हणे. ती तापानं गेली. तेव्हापासून तो कोणालाच सोडत नाही, आणि तेव्हाच ती पाटीही चढली.

मागच्या धानकापणीत माझी सायत्रा गेली. तेरवी झाल्यावर मी फाट्यावर आलो. वाटलं, इथे तरी बरं वाटेल. यादोराव मला पाहून उठून उभा राहिला. दुपट्ट्यानं बाक पुसला. "या भाऊ. बसा जी."

मी घाटावर रडलो नव्हतो. तिथे रडलो.

पुढेही त्याचं तेच. या जी, घ्या जी. मी एक दिवस चिडलो. "काऊन रे, मी पाहुणा आहो का?" तो खाली पाहून म्हणाला, "ज्याच्या घरी दुःख हाय त्याले शिवी देऊ नाही भाऊ. ते लागते." मी उठून घरी आलो. घरी तरी काय वेगळं होतं? सून म्हणते, बाबा जेवून घ्या जी. पोरगा माझ्याशी दवाखान्यात बोलावं तसा हळू बोलतो. सायत्रा मला भैताड म्हणायची, म्हणजे येडपट. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग हाक मारणार कशी? "ओ भैताड, बैल सुटला ना!" आता बैल सुटला तरी मला कोणी सांगत नाही.

अशात शाळेवर नवे हेडमास्तर आले. ग्रामसभेत उभे राहिले. म्हणाले, "पहिलीतल्या पोरीला विचारलं, बाळ, तुला वाचता येतं का? हो म्हणाली आणि तिनं फाट्यावरच्या दुकानाच्या पाटीवरचा शब्द वाचून दाखवला. हा त्या लेकराचा पहिला शब्द!"

यादोराव म्हणाला, "मंग तिले वाचाले शिकवलं कोनं? तुमी का मी?"

सभा हसली. सरपंचबाईंनीही पदर तोंडाला लावला. पण मी खरं सांगतो, गुरुजी चुकत नव्हते. लेकराच्या तोंडी तो शब्द मलाही बरा वाटत नाही. यादोरावनं वाट्टेल ते बोलावं, पण पाटी रस्त्यावर, आणि रस्ता सगळ्यांचा.

गुरुजी समजुतीनं म्हणाले, "नावच बदला ना. 'प्रकाश भजे सेंटर' ठेवा. मुलाचं नाव, किती छान!"

यादोरावचं तोंड राखेसारखं झालं. "माह्या पोराचं नाव? असं उघड्यावर? रस्त्यानं कोनीबी जाते गुरुजी."

गुरुजींना काही कळलं नाही. सरपंचबाईंनी पुढचा विषय घेतला, नळाचा.

पाटी गुरुजींनी नाही काढली. पोरानं काढायला लावली. त्याचं लग्न जमत होतं, पोरगी गोंदियाची. तिच्याकडचे लोक घर पाहायला येणार होते. फोनवर म्हणाला, "बाबा, पाटी काढून ठेवा. आणि त्यांच्यासमोर मला तसं बोलू नका. एक दिवस तरी." रविवारी सकाळी मी गेलो तर पाटी दुकानामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखी.

प्रकाश नागपूरहून मोटारसायकलवर आला. सोयरे कारमधून आले. यादोराव इस्त्रीच्या शर्टात दारात उभा. "या जी, बसा जी." मी ते ऐकलं आणि बाकावर जाऊन बसलो. मग तो पोराकडे वळला आणि म्हणाला, "प्रकाश, पानी आन बेटा."

पोरगा असा खूश झाला! बापाच्या तोंडून आपलं नाव तो पहिल्यांदा ऐकत होता. पण यादोराव पोराकडेच पाहत राहिला, कढईकडे नाही. त्या दिवशी त्याचे भजे करपले. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

पोरीच्या बापाला सगळं पसंत पडलं. "बहुत सीधे लोग हैं," तो गाडीत बसता बसता भावाला म्हणाला. प्रकाशला दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी होती, त्यानंही मोटारसायकल सुरू केली. यादोराव हँडल धरून उभा राहिला. तोंड उघडलं. कारच्या काचेतून सोयरे पाहत होते. तोंड मिटलं.

"हळू जाजो," तो म्हणाला. "हळू जाजो, प्रकाश."

मोटारसायकल निघाली. म्हातारा दोन पावलं तिच्यामागे धावला आणि थांबला. त्याचा तो चेहरा मला माहीत होता. राजाच्या वेळी पाहिला होता, सोनीच्या वेळी पाहिला होता.

मी बाकावरून उठलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "जा रे हरामखोर! थोबाड दाखवाले लवकर येजो, नाहीतर तंगडं तोडीन तुहं, हरामखोरा!"

सगळा फाटा वळून पाहू लागला. कारची काच खाली आली. "ये कौन है जी?" भजन मंडळाची एक बाई रस्त्याकडेला उभी होती. ती मायेनं म्हणाली, "बायको गेली त्याची. तवापासून डोस्कं फिरलं बिचाऱ्याचं." पोरीच्या बापानं मान हलवली, मला लांबून हात जोडले आणि गाडी गेली. तिकडे वळणावर प्रकाशनं मागे न पाहता एक हात वर केला.

यादोराव येऊन माझ्या बाजूला बसला. बेसनाच्या हातानं तोंड पुसलं, मिशी पिवळी झाली.  मग म्हणाला,

"कायले बोंबलून राहिला होता रे हरामखोर? सोयऱ्यासमोर अब्रू घेतली माही!"

मी म्हटलं, "चहा दे."

"घरी चहा नाही का भेटत, हरामखोर?" तो उठला आणि स्टोव्ह पेटवला. करपलेले भजे कागदावर माझ्यासमोर आदळले.

मी एक तोंडात टाकला. म्हटलं, भजे करपले आहेत. त्यावर यादोरावनं जे तोंड सुरू केलं ते दिवाबत्तीपर्यंत. मी बसून ऐकत राहिलो. घरी मला भैताड म्हणणारं कोणी नव्हतं.