बद्रीनाथ मंगळवारी आला

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिडकोतल्या अनंतरावांच्या अंगणात दोन बाजा होत्या, त्यांवर अंथरलेल्या दोन जुन्या सुती साड्या, शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचं एक पातेलं, एक पितळी सोऱ्या आणि एकतीस कुरडया. त्यांतली एक मोडकी. मोजणी अनंतरावांचीच. चौतीस वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काढल्यामुळे, मोजली नाही तर गोष्ट घडली असं त्यांना वाटत नसे. सात वाजून अकरा मिनिटांनी फाटकाबाहेर एक छोटा हत्ती टेंपो येऊन थांबला. त्यात लोखंडी पाइप, सहा पत्रे, एक शिडी, फकिरा नावाचा कारागीर आणि शेडचा कंत्राटदार बद्रीनाथ होता.

अनंतराव त्याच्याकडे नुसते बघत राहिले. अंगणात शेड घालायची होती आणि काम बद्रीनाथलाच दिलं होतं, त्यात काही चूक नव्हती. चूक एवढीच होती, की तो ठरलेल्या दिवशी आला होता.

त्याचं असं झालं होतं. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या घरी प्लंबर सांगितल्यापेक्षा सहा दिवस उशिरा आला होता, रंगारी अकरा आणि खिडक्यांना जाळ्या बसवणारा दहा. सरासरी नऊ. शेड पुढच्या गुरुवारी हवी होती म्हणून अनंतरावांनी नऊ दिवस मागे जाऊन बद्रीनाथला मंगळवार सांगितला, आणि बायकोला, यमुनाबाईंना, बेलाशक गहू भिजत घाल म्हणाले. तिसऱ्या दिवशी गहू वाटून चीक काढला, रात्रभर निवळू दिला आणि आज पहाटे पाचला यमुनाबाईंनी तो शिजवला. शिजलेला चीक कोणासाठी थांबत नाही. गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही.

"आज जरा अडचण आहे," अनंतराव म्हणाले. "उद्या आलात तर?"

बद्रीनाथचा चेहरा पडला. तो पहाटे साडेपाचला गंगापूरहून निघाला होता. दहावीतल्या त्याच्या पोरीनं, संस्कृतीनं, परवा मोबाइलवर गिऱ्हाइकांनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं होतं. शेवटच्यानं लिहिलं होतं : माणूस चांगला आहे, येत नाही. त्या दिवशी बद्रीनाथनं पोरीला शब्द दिला होता, आणि त्यानंतरचं हे पहिलंच काम होतं.

"काका, मंगळवार तुम्हीच म्हणले. मी दोनदा इचारलं. आज मंगळवारच हाय ना?"

यमुनाबाईंनी भरत असलेला सोऱ्या खाली ठेवला. "अहो, तुम्ही तर यांना गुरुवार सांगितला होता ना?"

अनंतरावांनी मग खरं ते सांगितलं, आकड्यांसकट.

"म्हणजे तुम्ही या माणसाला खोटा वार सांगितलात."

"खोटा नाही. सरासरी काढून."

"कोणाची सरासरी? हा माणूस त्यात होता का?"

 नमुन्यात बद्रीनाथ नव्हता, हे शास्त्रीयदृष्ट्याही बरोबरच होतं.

यमुनाबाईंचा राग शेडवर नव्हता. जानेवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. गच्ची बंद झाली होती. यंदा कुरडया बचत गटाकडून मागव, असं पुण्याहून मुलीनं, सावनीनं, दोनदा सांगितलं होतं. त्यावर यमुनाबाईंनी चार किलो गहू निवडायला घेतले होते. अंगणात ऊन होतं, आणि अंगणात जायला पायरी एकच होती. आता या कुरडया बिघडल्या, तर पुढच्या वर्षी कोणी विचारणारसुद्धा नव्हतं. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं असतं.

बद्रीनाथनं पातेल्यात डोकावून पाहिलं. ड्रिल चालवलं की भिंतीची धूळ ओल्या कुरडयांवर बसणार, हे त्यालाही कळत होतं. चीक संपल्याशिवाय त्याचं काम सुरू होणार नव्हतं, आणि सोऱ्या दाबणाऱ्या अनंतरावांच्या दुखऱ्या खांद्याच्या वेगानं तो दुपारपर्यंत संपला नसता. त्यानं नळावर कोपरापर्यंत हात धुतले.

"सोऱ्या द्या इकडं, काकू."

त्याची पहिली कुरडई जेवणाच्या ताटाएवढी झाली. ही काय गाडीचं चाक आहे का, असं यमुनाबाईंनी विचारल्यावर तो आवरून घेऊ लागला. फकिरा सोऱ्यात चीक भरायचा, बद्रीनाथ दाबायचा. साडेआठला पातेलं रिकामं झालं. दोनशे बारा.

मग तिघांनी दोन्ही बाजा एकामागून एक उचलून गल्लीत नेल्या आणि अनंतराव छत्री घेऊन राखणीला उभे राहिले. एक शेळी आली, तिला त्यांनी छत्रीनं परतवलं. तिघा जणांनी थांबून, बचत गट कुठला, असं विचारलं. यमुनाबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून ते प्रत्येकाला हळू आवाजात उत्तर देत होते.

साडेअकराला शेड उभी राहिली. पाइप घरूनच कापून, जोडून आणले होते, फक्त बोल्ट मारायचे होते. काम चोख होतं, म्हणजे आता अंगणभर सावली होती आणि कुरडयांना परत यायला जागा नव्हती. गच्चीच्या अरुंद, वळणाच्या जिन्यातून बाज काय, ताणलेली साडीही गेली नसती. गल्लीतून गाड्यांची धूळ उडत होती. यमुनाबाई पायरीवर बसून नव्या पत्र्यांकडे खालून बघत राहिल्या. 

"वरून तापले असतील की ते," फकिरा म्हणाला.

अनंतरावांनी प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणला. पत्र्यावर एकसष्ट अंश. दोन्ही साड्या कुरडयांसकट, चारी कोपरे ताणून धरत, शिडीवरून वर गेल्या आणि दोरीनं पाइपांना बांधल्या गेल्या.

आता अडचण एकच होती. चाळीस वर्षं कुरडई कधी उलटायची हे यमुनाबाईंच्या बोटांना कळत होतं, आणि बोटं खाली होती.

"कडेला हात लावून बघ. चिकटते का?"

"नाय चिकटत."

"मध्ये?"

"मधी जरा नरम हाय, काकू. पोरीच्या कानाच्या पाळीवानी."

"मग अर्धा तास थांब."

बद्रीनाथ थांबला. दर अर्ध्या तासानं तो शिडी चढे, खालून प्रश्न येत, वरून उत्तरं जात. पत्र्याच्या नाल्यांमुळे काही कुरडयांना कमान आली. यमुनाबाईंनी ते ऐकून घेतलं. वाळूजला त्याला तीन वाजता दुसऱ्या कामाचं माप घ्यायचं होतं. तीन वाजून वीस मिनिटांनी तिथल्या गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत कुरडया होत्या, म्हणून अनंतरावांनी शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्याच्या खिशातला फोन काढला.

"ते निघालेत," ते फोनवर म्हणाले. "रस्त्यातच आहेत."

फोन ठेवल्यावर ते थोडा वेळ शिडी धरून उभे राहिले. वर बद्रीनाथ हसला असावा. अनंतराव पुन्हा फोनवर बोलले. या वेळी त्यांनी उशीर आपल्यामुळे झाला, असं नाव आणि पत्त्यासह सांगितलं.

साडेचारला वरून आवाज आला, "काकू, आता वाजतीया."

"कशी?"

बद्रीनाथनं दोन कुरडया एकमेकींवर आपटल्या. यमुनाबाई उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या आणि त्यांनी कढईत तेल ओतलं. एक कुरडई खाली मागवली. बद्रीनाथ, फकिरा आणि अनंतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. तेल तापेपर्यंत बद्रीनाथनं टेप काढून ती मोजली आणि कढईतून निघाल्यावर पुन्हा मोजली.

कच्ची, नऊ सेंटिमीटर. तळल्यावर, साडेएकोणीस.